हिवाळा, हीट मॅट आणि टॅरंटुलाची पिल्लं

मंडळी, ऑक्टोबर लागला की इथे ब्रिटनमध्ये मला एकच प्रश्न विचारला जातो: टॅरंटुलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचं, पिल्लू खात नाहीये, हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, घेऊ का? आज तेवढ्यावरच बोलतो. टॅरंटुला पाळावा की नाही, हा वाद चहाच्या वेळी घालू. त्यासाठी चहा जरा जास्त लागेल.

आधी थंडी म्हणजे नेमकी किती, ते पाहू. हीटिंग चालू असलेल्या घरात दिवसा २० ते २२ अंश असतात. रात्री ते बंद झालं की पारा पहाटे १६-१७ वर येतो. नवख्यांकडे बहुधा मेक्सिकन रेड-नी नाहीतर कर्ली हेअर या जातींची पिल्लं असतात. रेड-नी मूळची मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूच्या कोरड्या जंगलांतली, बीळ करून राहणारी. अशा पिल्लाला २२ ते २६ अंश छान मानवतात. पहाटे चार तास १७ झाले म्हणून ते मरत नाही, सुस्तावतं. कोळ्याला आपल्यासारखी अंगातली ऊब नसते. गारठ्यात त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते, कात टाकणं लांबतं. मादी वीसेक वर्षं सहज जगते, तिला कसली घाई? घाई आपल्यालाच असते.

पिल्लं दगावतात ती बहुतेक वेळा सुकून. हे नीट समजून घ्या. आपण पाय दुमडायला आणि सरळ करायला, दोन्हीला स्नायू वापरतो. कोळ्याच्या पायातल्या मुख्य सांध्यांना सरळ करणारे स्नायूच नसतात. शरीरातला द्रव दाबाने पायात ढकलून तो पाय पसरतो. अंगातलं पाणी घटलं की हा दाब कमी होतो, आणि आठही पाय पोटाखाली मुडपले जातात. मोठ्या कोळ्याच्या अंगात पाण्याचा साठा तरी असतो. सेंटिमीटरभर पिल्लाचं शरीर इवलंसं, आणि त्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग फार. ते बघता बघता कोरडं पडतं.

आता पिल्लाच्या डबीखाली हीट मॅट सरकवली की काय होतं बघा. रानात ऊन तापलं की कोळी खाली बिळात शिरतो, कारण खाली गार असतं. पिढ्यान्‌पिढ्यांची ही सवय. इथे मात्र डबीचा तळच तव्यासारखा तापलेला. पिल्लू गरम झालं की आणखी खोल उकरतं, म्हणजे थेट तव्याकडे जातं. वर ठेवलेला थर्मामीटर २५ दाखवतो, आपण निर्धास्त. डबीत भरलेल्या नारळाच्या भुशाच्या तळाशी मात्र ३५ अंश असू शकतात. तापणारे दगड आणि दिवे तर मी विकतच घेऊ देणार नाही.

मग करायचं काय? खोली उबदार ठेवा. वरच्या फळीवर खालच्यापेक्षा एक-दोन अंश जास्त असतात, डब्या तिथे न्या. हे फुकट आहे, म्हणून कुणी ऐकत नाही! तेवढ्याने भागत नसेल तर झाकणाचं मोठं प्लास्टिकचं खोकं घ्या, त्याला हवेची भोकं पाडा. हीट मॅट खोक्याच्या एका बाजूला, बाहेरून, उभी लावा. पिल्लांच्या डब्या समोरच्या बाजूला, मॅटपासून दूर ठेवा. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारं यंत्र, हवाच, आणि त्याची तापमान मोजणारी वायर मॅटला लागून चिकटवा, हवेत लोंबती नको. मॅट कमी वॅटची घ्या, म्हणजे थर्मोस्टॅट बिघडला तरी अनर्थ होणार नाही. एक दिवस खोकं रिकामं चालवून आकडे बघा, मगच डब्या आत ठेवा.

ऊब वाढली की पाणी जास्त उडतं. भुशाचा एक कोपरा ओलसर ठेवा, सगळी डबी चिंब नको. गारठा आणि ओल एकत्र आली की बुरशी धरते.

एक गोंधळ नेहमी होतो. पिल्लू उताणं पडलं की लोक घाबरून हीटर लावतात. अहो, ते कात टाकतंय! हात लावू नका, डबी हलवू नका. काळजी करायची ती पालथं राहून पाय पोटाखाली मुडपलेल्या पिल्लाची. त्याच्या तोंडाजवळ पाण्याचा थेंब ठेवा, उष्णता वाढवू नका.

थंडीत पार्सलने पिल्लू आलं तर डबी रेडिएटरवर ठेवायची नाही. तासभर खोलीच्या हवेला येऊ द्या, मग उघडा. खिडकीही टाळा, इथलं हिवाळ्यातलं कोवळं ऊनसुद्धा बंद प्लास्टिकच्या डबीत भलतंच तापतं.

आणि मघाशी एका ताईंनी आपल्याकडच्या निळ्या कोळ्याचं विचारलं. तो आंध्रातल्या पूर्व घाटाचा, झाडांच्या ढोलीत राहणारा, अतिशय धोक्यात आलेला. तो ज्या गटातला, त्या गटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून साइट्सचं, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, नियंत्रण आहे. पिल्लू घ्यायचं तर पाळीव जोडीचंच, कागदपत्रं बघून. तापमानाचे नियम तेच, फक्त डबी उभी हवी आणि आत सालीचा तुकडा. चला, आता हीट मॅट कशी लावायची ते या खोक्यावरच दाखवतो. मागच्यांनी पुढे या.