तपकिरी रंग काय सांगतो?

(दृश्य: इंदूरच्या राजवाड्यालगतची पानटपरी, ओळीने लटकलेल्या पुड्या)

मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. आता पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही तळहातावर एक होतात आणि गालात जाऊन बसतात. इंदुरात रामबागेतल्या, राजेंद्रनगरातल्या आपल्या मराठी घरांनाही हे नवं नाही. जेवणानंतरची सुपारी तर आपण व्यसनात धरतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र २००४ सालीच नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे.

(दृश्य: पॅथॉलॉजीची प्रयोगशाळा)

गालातल्या जखमेचा तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवून ठेवणाऱ्या द्रवात, बुडून इथे येतो. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. मायक्रोटोमच्या पात्याखालून तीन-चार मायक्रॉनचा काप निघतो, कोमट पाण्यावर पसरतो आणि काचपट्टीवर अलगद उचलला जातो. मग त्यावर अँटिबॉडी सोडतात. तिला हवं असलेलं प्रथिन पेशीत असेल, तर तिथे तपकिरी रंग चढतो. बाकीचं निळसर राहतं. तुकडा फॉर्मालिनमध्ये उशिरा पडला, तर हाच रंग फसवू शकतो. बायोप्सीची बाटली वेळेवर पोहोचवणाऱ्या माणसाचं काम म्हणूनच लहान नाही.

रिपोर्ट आला की घरचे विचारतात, "डॉक्टरसाहेब, बाबा बरे होतील ना?" आणि बोट ठेवतात ते ‘पी१६’वर, म्हणजे या रंगाने तपासलेल्या एका प्रथिनावर. मोबाइलवर त्याचंच नाव वाचलेलं असतं.

पी१६ला खरोखर महत्त्व आहे, पण ते घशाच्या कर्करोगात, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी. तिथला आजार एचपीव्ही विषाणूमुळे झाला असेल, तर पी१६ भरभरून उमटतं. निदान ७० टक्के पेशी गडद रंगायला हव्यात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१० साली, घशाचा आजार पुढच्या टप्प्यात असूनही विषाणू असलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. विषाणू नसलेल्यांपैकी ५७ टक्के. फरक एवढा मोठा, की पुढे अशा रुग्णांची स्टेज ठरवायची पद्धतच वेगळी झाली. धूम्रपान केलेल्यांत मात्र हा फायदा घटतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालची पट्टी)

आपल्याकडे येतात ते बहुतेक गालाचे, हिरडीचे, जिभेचे रुग्ण. तिथे पी१६ पॉझिटिव्ह आलं म्हणून हुरळून जाऊ नये आणि निगेटिव्ह आलं म्हणून खचूही नये. ईजीएफआर आणि पी५३ हीही अशीच प्रथिनं. बऱ्याच गाठींत ईजीएफआर वाढलेलं असतं, पी५३ बिघडलेलं असतं. पण एकेका रुग्णाचं पुढचं सांगायला ती पुरत नाहीत. पीडी-एल१ या प्रथिनाचं काम निराळं. आजार परतला किंवा पसरला, तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारा उपचार, लागू पडेल का, हे त्यावरून जोखतात.

मग शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टात आधी काय बघायचं? गाठ आत किती रुतली होती: ५ मिलिमीटरच्या आत, की १०च्याही पुढे? मानेतल्या लसिकाग्रंथींत पोहोचली का? ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आली का? कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का? रेडिएशन द्यायचं का, सोबत केमो लागेल का, हे मुख्यतः यावरून ठरतं. बाबांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तरही आधी याच ओळींत शोधावं लागतं. एकेक ओळ समजावून मागा. डॉक्टरांचा वेळ जाईल म्हणून गप्प बसू नका.