अंधार कागदावर उतरवताना

(छायाचित्रकारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. बोलायला लागण्याआधी हे दोन प्रिंट बघा. फाइल एकच, प्रिंटर एकच, दोन्ही एकाच दुपारी काढलेले. पावसाळ्यातला सह्याद्रीचा काळा कातळ आहे, त्यावरून पाणी निथळतंय आणि खाली कपारीत अंधार आहे. माझ्या डाव्या हातातल्या प्रिंटमधला कातळ आत्ता हात लावला तर बोटं ओली होतील असा दिसतो. उजव्या हातातला कातळ पाऊस थांबून तासभर झाल्यासारखा. बदलला आहे तो फक्त कागद.

डावीकडचा कागद बरायटा. डार्करूमच्या काळापासून चालत आलेलं हे नाव. कागदावर बेरियम सल्फेटचा पांढरा थर असतो, त्यावर शाई धरून ठेवणारा लेप, आणि अंगाला मंद चमक. उजवीकडचा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, शंभर टक्के कापसाचा. मॅट कागदावरच्या सर्वांत गडद काळ्याची घनता, म्हणजे उजेड गिळण्याचं माप, साधारण 1.6 ते 1.7 भरते, चांगल्या बरायटावर ती 2.3च्या पुढे जाते. म्हणजे मॅटवरचा काळा रंग अंगावर पडलेल्या उजेडातला दोन टक्क्यांहून थोडा जास्त उजेड परत पाठवतो, आणि बरायटावरचा अर्धा टक्का. तुमच्या चित्रातल्या सावल्यांना वावरायला किती जागा मिळणार, हे याच फरकावर ठरतं.

म्हणून कागद निवडायला कुणी आलं की मी आधी चित्रातली सर्वांत काळी जागा शोधते. तिथे बघण्यासारखं काही आहे का? ओला कातळ, रात्रीचा रस्ता, माजघरातली चूल, असं काही असेल तर बरायटा घ्या. पण कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, धुक्यातलं भातखाचर, उन्हात वाळत घातलेलं लुगडं, हे मॅटवर छापा. जांभ्याला चमक दिलीत तर तो जांभा वाटत नाही, फरशी वाटते. मॅटच्या फिक्या काळ्याला कमीपणा समजू नका. मऊ उजेडाची चित्रं त्याच्यावर श्वास घेतात.

‘ताई, जाड कागद द्या, चांगला असतो तो’ हे मी रोज ऐकते. जाडी हातात धरल्यावर छान वाटते, पण कागद किती टिकेल हे जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, सांगत नाही. लगदा कशाचा आहे ते विचारा. वर्तमानपत्र उन्हात चार दिवसांत पिवळं पडतं ते लाकडातल्या लिग्निनमुळे. फाइन आर्ट कागद कापसाचा असतो, किंवा लिग्निन काढून शुद्ध केलेल्या लाकडी लगद्याचा, ज्याला अल्फा सेल्युलोज म्हणतात. कापूस म्हणजे बहुतेकदा सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू, सूतगिरणीला नको असलेले. जर्मनीतली हानेम्युले ही गिरणी 1584 पासून कागद करते आहे. तिचा 308 जीएसएमचा फोटो रॅग पूर्ण कापसाचा आहे आणि माझ्याकडे मॅटमध्ये सर्वांत जास्त तोच खपतो.

मग आपल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद का नको, असं पुण्यात कुणीतरी विचारतंच, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. तोही सुती चिंध्यांचाच, आणि फार देखणा. पण त्यावर इंकजेटचा लेप नसतो. शाई तंतूंमध्ये उतरते, पसरते, काळा रंग राखाडी होतो. शिवाय सुटे तंतू प्रिंटरच्या हेडला, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाला, अडकण्याची भीती. त्या कागदावर चित्र काढा, पत्रं लिहा. त्याची मजा तिथे आहे.

आता जरा दिवे मालवा. हा नोटा तपासायचा जांभळा दिवा, कुठल्याही किराणा दुकानात असतो तोच. ऑफिसातला साधा कागद धरते, बघा कसा निळा पेटला! आणि हा कापसाचा, नैसर्गिक पांढरा. तो तसाच मलूल. पहिल्यात ब्राइटनर आहे, म्हणजे पांढरं आणखी पांढरं दिसावं म्हणून घातलेलं रसायन. ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. वर्षं सरतात तसा त्याचा जोर ओसरतो आणि कागद आपल्या मूळ पिवळसर रंगावर येतो. शाई जागच्या जागी असते, पण चित्रातले ढग बदललेले असतात. अतिनील अडवणारी काच लावलीत तर पहिल्या दिवसापासूनच तो कागद मलूल दिसतो. महागड्या फाइन आर्ट कागदांतही काहींत ब्राइटनर असतो, तेव्हा खोक्यावरचं वाचा आणि दिवा खिशात ठेवा. दोन-चार वर्षांच्या प्रदर्शनासाठी मला तो चालतो. नातवंडांसाठी ठेवायच्या चित्राला मी तो कधीच वापरत नाही.

कागद हाताळण्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगणार आहे, कारण कागद बिघडतो तो बहुधा आपल्या हातात. एका जुलैत माझ्याकडे एका प्रदर्शनाचं काम होतं. रात्री पाकीट उघडंच राहिलं आणि खिडकीही. सकाळी वरवर बघता ताव सपाट होते. पण हवेतला ओलावा पिऊन त्यांच्या कडा केसभर उचलल्या होत्या. हेड कडेला घासलं आणि चित्राच्या उजव्या बाजूला दोन इंच लांब काळा ओरखडा उमटला. मला वाटलं शाईचा दोष आहे, म्हणून पुढचा ताव घातला, मग त्याच्या पुढचा. ए-टू आकाराचे सात ताव गेले तेव्हा मी एक ताव टेबलावर ठेवून डोळा कडेच्या पातळीला आणला, आणि ती लाट दिसली.

तेव्हापासून छपाईच्या खोलीत आर्द्रतामापक टांगलेला आहे. काटा 40 ते 60 टक्क्यांत असेल तरच पाकीट उघडायचं. हवे तेवढेच ताव काढायचे, बाकीचे लगेच मूळ पिशवीत, तोंडाला चिकटपट्टी. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात एसी किंवा ओलावा शोषणारं यंत्र लागेलच. नागपूरच्या मे महिन्यात उलटी तऱ्हा: कागद सुकून आक्रसतो, वळतो आणि हेडची बारीक भोकं, म्हणजे नोझल, बंद पडतात. जाड कागदाला प्रिंटरमध्ये हेड आणि कागदातलं अंतर वाढवायची सोय असते, ती वापरा. काही प्रिंटर फाइन आर्ट कागदाला चांगला तीन सेंटिमीटरचा समास सोडायला लावतात. लोक त्यावर चिडतात, पण उचललेल्या कडेपासून चित्र दूर ठेवण्यासाठीच तो असतो.

ताव उचलताना दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या कडांना धरा. एका हाताने कोपरा धरून मोठा ताव उचललात की बोटाजवळ चंद्रकोरीसारखी मुडप पडते. ती इस्त्रीनेसुद्धा जात नाही. कापसाच्या कागदावर सुटी कुसळं असतात. शाई त्या कुसळावर पडते, काही दिवसांनी कुसळ गळतं आणि आकाशात पांढरा ठिपका राहतो. म्हणून छापण्याआधी ताव उभा धरून रुंद मऊ ब्रशने झटका, आणि तेही प्रिंटरपासून लांब. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा कण लेपावर बसतो. लेप कुठल्या बाजूला आहे कळत नसेल तर किंचित ओलं बोट अगदी कोपऱ्याला लावा. चिकटल्यासारखं वाटेल ती छापायची बाजू.

शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, असावी हे बहुतेकांना माहीत आहे. प्रोफाइल, म्हणजे कुठला रंग कसा छापायचा हे ठरवणारी फाइल, त्याच कागदाचं, त्याच प्रिंटरचं वापरा. मॅटला मॅट ब्लॅक शाई, बरायटाला फोटो ब्लॅक. चुकीच्या काळ्याने चांगला कागद वाया गेलेला मी फार वेळा पाहिला आहे.

प्रिंट बाहेर आला की लगेच फ्रेम करू नका. हाताला कोरडा लागला तरी शाईतले काही द्रव हळूहळू उडत असतात, आणि काचेच्या आतल्या बाजूला धुरकट पापुद्रा धरतो. एक दिवस उघडा ठेवा, मग वर साधा कागद ठेवून आणखी एक-दोन दिवस. काच चित्राला टेकू नये, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. मागे सेलोटेप नको, गव्हाच्या खळीने जपानी कागदाच्या पट्ट्या लावा.

एक कळकळीची विनंती. नमुन्यांचं पाकीट आणून वीस कागदांवर एकेक प्रिंट काढू नका. एक मॅट आणि एक बरायटा घ्या आणि वर्षभर तेच वापरा. कुठल्या सावल्या तो गिळतो, फाइल किती उजळावी लागते, हे हाताला कळायला पन्नासेक ताव जातात.

आता हे दोन्ही प्रिंट तुमच्यात फिरवते. कडांना धरा, आणि त्या खिडकीपाशी नेऊन बघा. कपारीत डावीकडे, अगदी अंधारात, एक खेकडा बसला आहे. फोटो काढणाऱ्यालाही तो पहिला प्रिंट बघेपर्यंत दिसला नव्हता. कुठल्या कागदावर सापडतो ते मला सांगा.