तिसरा रॉबर्ट

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पेशी सिद्धान्त : रॉबर्ट हूकपासून आजपर्यंत’. आजपर्यंत येऊच, पण आधी मला विचारायचंय. समोर जीवशास्त्र शिकलेले आणि शिकवलेले बरेच जण बसलेत. पेशी सिद्धान्त कोणी मांडला? हां, श्लायडेन आणि श्वान. मागून कुणीतरी फिरखोही म्हणालं. छान, दोन गुण मिळाले. आता रॉबर्ट रेमाक हे नाव ज्यांनी ऐकलंय त्यांनी हात वर करा. एवढ्या भरल्या सभागृहात तीन हात! तास संपेपर्यंत हे नाव तुमच्या तोंडी बसलं पाहिजे, त्यासाठीच आलोय.

या गोष्टीत रॉबर्ट तीन आहेत. पहिला हूक, १६६५. त्याने बुचाची पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि इंचाच्या अठराव्या भागात साठेक कप्पे मोजले. म्हणजे इंचाला १०८०, आणि घन इंचाला सव्वाशे कोटींहून जास्त. हा हिशोब त्याने ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या पुस्तकात मांडलाय आणि आकड्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. शिक्षक मंडळी, कांद्याचा पापुद्रा दाखवता त्या दिवशी बुचाची चकतीही दाखवा. मुलांना हा गुणाकार स्वतः करू द्या, मजा येते. दुसरा रॉबर्ट ब्राऊन. त्याने १८३१मध्ये ऑर्किडच्या पेशींत केंद्रक दाखवून दिलं. हे दोघे पुस्तकात आहेत. तिसरा नाही.

आता १८३८चं बर्लिन. श्लायडेन वनस्पतींवर काम करणारा, श्वान प्राण्यांवर. एके दिवशी जेवताना श्लायडेन केंद्रकाबद्दल बोलत होता. श्वानला एकदम आठवलं, बेडकाच्या पिल्लाच्या पृष्ठरज्जूत आपण हेच पाहिलंय! दोघे उठून प्रयोगशाळेत गेले. पुढच्या वर्षी श्वानचा ग्रंथ आला : वनस्पती काय, प्राणी काय, सगळे पेशींचेच बनलेले. केवढी मोठी गोष्ट! पण नवी पेशी येते कुठून? या प्रश्नाचं दोघांचंही उत्तर चुकलं. द्रवातून स्फटिक तयार व्हावेत तशी आधी केंद्रकं आणि मग त्यांच्याभोवती पेशी जमते, असं ते मानत होते. थोडक्यात, निर्जीव रसातून जिवंत पेशी. बेल्जियमच्या डुमोर्टिएने १८३२मध्ये शैवालात पेशी दुभंगताना पाहिली होती, पण ते अपवादात धरलं गेलं.

आता रेमाक. जन्म १८१५, पोझेन गावातला पोलिश ज्यू. बर्लिनमध्ये योहानेस म्युलरच्या हाताखाली शिकला, म्हणजे श्वानचाच गुरुबंधू. बर्लिन ज्या राज्यात होतं त्या प्रशियात तेव्हा ज्यूंना विद्यापीठात शिकवायची परवानगी नव्हती. बाप्तिस्मा घेतला की दार उघडायचं. अनेकांनी घेतला, रेमाकने नाही. राजाकडे अर्ज केला, तो फेटाळला गेला. शेवटी नामवंत निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने शब्द टाकला आणि १८४७मध्ये बर्लिन विद्यापीठात शिकवणारा तो पहिला ज्यू झाला. तेही विनावेतन. पोटासाठी दवाखाना चालूच होता.

आणि हा माणूस काय बघत बसला होता? कोंबडीच्या अंड्यातला गर्भ. आपल्या लाल रक्तपेशींत केंद्रक नसतं, पक्ष्यांच्या रक्तपेशींत असतं, म्हणून तिथे ते नीट दिसतं. १८४१च्या सुमारास त्याला गर्भाच्या रक्तात अशा पेशी दिसल्या की एकीत दोन केंद्रकं आहेत आणि पेशी मधोमध कमरेत आवळलेली आहे. म्हणजे विभाजन अर्ध्यावर आलेलं! लगेच बोभाटा केला नाही त्याने. दहा-अकरा वर्षं बेडकाची अंडी तपासली. ती रसायनांनी कडक केली, म्हणजे पेशीचं आवरण स्पष्ट दिसेल. एका अंड्याच्या दोन पेशी, दोनाच्या चार, स्नायूपर्यंत माग काढत गेला. मग १८५२मध्ये ठामपणे लिहिलं : द्रवातून पेशी तयार होत नाही, प्रत्येक पेशी आधीच्या पेशीच्या विभाजनातून येते.

१८५५मध्ये जर्मन डॉक्टर फिरखोने तेच लॅटिनमध्ये लिहिलं, ‘ओम्निस सेल्युला ए सेल्युला’. हे वाक्यसुद्धा त्याचं नव्हे, फ्रान्सच्या रास्पाईने ते १८२५मध्येच वापरलं होतं. फिरखोच्या लिखाणात रेमाकचं नाव नाही. त्याने पत्र लिहून तक्रार केली, उपयोग झाला नाही. फिरखो सामान्य माणूस नव्हता, हेही आवर्जून सांगतो. सायलेशियातल्या टायफसच्या साथीवर १८४८मध्ये त्याने सरकारला लिहून दिलं की या लोकांना शिक्षण आणि स्वातंत्र्य द्या, रोग हटेल. अशा माणसाने एक नाव लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मला याचा राग येतो आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. ‘आजपर्यंत’ धावत घेतो.

फिरखोचं खरं काम १८५८चं : आजार पेशीत असतो, म्हणून पेशी तपासा. आज गाठीचा तुकडा बायॉप्सीला जातो तो याच विचारामुळे. १८६०च्या दशकात पाश्चरने बाहेरून काही शिरू न देता उकळलेल्या रसात जीव आपोआप उपजत नाहीत हे दाखवलं आणि रेमाकच्या म्हणण्याला दुसरीकडून बळ मिळालं. १८८२मध्ये वाल्टर फ्लेमिंगने (पेनिसिलिनवाला नव्हे) सॅलमँडरच्या पेशींत गुणसूत्रं विभागताना पाहिली. तेव्हा केंद्रकही केंद्रकातूनच येतं हे कळलं.

सगळं शरीर सुट्या पेशींचं, पण मेंदूचा अपवाद उरला होता. इटलीचा गोल्जी म्हणे, चेतातंतूंचं सलग जाळं आहे. स्पेनचा काहाल म्हणे, नाही, प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गोल्जीने त्या भाषणातही काहालचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. दोन पेशींमधली फट १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली.

आणि शेवटचं. तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा तिच्यातला भाग (मायटोकॉन्ड्रिया), तीही पेशीत शून्यातून बनत नाही, आधीच्या तंतुकणिकेच्या विभाजनातूनच येते. ती मूळची स्वतंत्र जिवाणू होती, हे अमेरिकेच्या लिन मार्ग्युलिसने १९६७मध्ये मांडलं. तो लेख अनेक नियतकालिकांनी आधी परत पाठवला होता. पेशीचक्र, कर्करोग, मूलपेशी राहिलेच. प्रश्नोत्तरांत विचारा, मी बसलोय इथेच.