गाडी मिसिंग मारते, पण केव्हा?

(परतवाड्यात पिकअपचे चालक-मालक आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्यासमोर एका गॅरेजवाल्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढे आयटीआयची पोरं बसली आहेत, हातात वही घेऊन. मागे भिंतीला टेकून गाडीवाले बसलेत, हातात किल्ली. त्यातल्या निम्म्यांचं लक्ष बाहेर उभ्या केलेल्या गाडीकडे आहे, ते मला इथून दिसतंय. हरकत नाही. पोरांना बिघाड शोधायचा आहे, तुम्हाला खर्च वाचवायचा आहे. आजच्या विषयात दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतं.

गाडीवाला गॅरेजात आला की वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, गाडी मिसिंग मारून राहिली." मिस्त्री किल्ली फिरवतो आणि इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागतं. मग मालक ओशाळतो, "आता नाही मारून राहिली, पण काल लय झटके देत होती राजेहो!" इथे बहुतेक मिस्त्री एकच गोष्ट करतात, चारही प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग, बदलतात. दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी घाटात पुन्हा तेच.

आधी मिसिंग म्हणजे काय ते बघू. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल आलं, दाबलं गेलं, पण पेटलं नाही किंवा अर्धवट पेटलं, ती मिसिंग. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे ३००० आरपीएमला, मिनिटाला ३००० फेऱ्यांना, एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडायला हवी. त्यातल्या मोजक्या चुकल्या तरी सीटवर झटका कळतो, आणि बाकीच्या शेकडो बरोबर पडतात म्हणून गॅरेजात काही सापडत नाही. पेटायला तीनच गोष्टी लागतात: वेळेवर जोरकस ठिणगी, बेताचं पेट्रोल आणि पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या मिश्रणावरचा दाब. या तिघांतली एखादी अधूनमधून गैरहजर राहते. कोणती, ते "केव्हा" या प्रश्नातून कळतं, "कोणता पार्ट" या प्रश्नातून नाही.

म्हणून माझ्याकडे गाडी आली की मी आधी मालकाला बसवतो, चहा सांगतो आणि विचारत सुटतो. सकाळी थंड इंजिनला मारते की गरम झाल्यावर? पावसात, दव पडल्यावर मारते का? रिकामी असताना मारते की माल भरल्यावरच? उभ्या गाडीत मारते की चढावर? टाकी अर्ध्याच्या खाली गेल्यावर मारते का? लोकांना वाटतं मिस्त्री टाइमपास करतोय. पण दव पडलेल्या सकाळी मारते आणि ऊन चढल्यावर थांबते, तर मी प्लगच्या कॅपचा, प्लगला जास्त व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलच्या रबराचा आणि वायरचा तडा शोधणार. अंधारात इंजिन चालू ठेवून तिथे पाण्याचा बारीक फवारा मारला की कधीकधी ठिणगी बाहेरून पळताना डोळ्यांना दिसते. उलट मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, तासभर चालल्यावर मारते आणि अर्धा तास उभी केली की बरी होते, तर संशय कॉइलवर जातो. कॉइलमधली बारीक तार गरम झाल्यावर फुगते, आतला तुटका जोड उघडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चिकटतो. अशी कॉइल थंड असताना मीटरवर तपासाल तर मीटर तिला पास करेल.

आता जरा कडू बोलतो. आपल्याकडे गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, शोधण्याचे देत नाही. मिस्त्रीने दोन तास वायर तपासली, एक जोड नीट केला आणि पैसे मागितले तर उत्तर मिळतं, "बदललं काय तं तू? काहीच नाही!" मग मिस्त्री शिकतो. तोही पार्ट बदलतो, जुना पार्ट कागदात गुंडाळून दाखवतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मागे बसलेल्यांना सांगतो, चेकिंगचे पैसे ठरवून द्या. पुढे बसलेल्यांना सांगतो, चेकिंगचे पैसे मागायला लाजू नका. यात लाजलात तर आयुष्यभर प्लगच विकत बसाल.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल सगळ्यांना उत्सुकता आहे. प्रदूषणाचं बीएस-४ मानक देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला. अशा पेट्रोल गाडीत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट मिळेल. फोनला जोडायचा साधा स्कॅनरही चालतो. मिसिंग ओळखायला कॉम्प्युटर क्रँकच्या वेगाकडे बघतो. सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का बसून वेग किंचित वाढतो, नाही पेटला तर तो धक्का हुकतो. म्हणून पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं चौथ्यापर्यंत. पी०३०० म्हणजे एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही. कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, ती बघायला विसरू नका. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, पाणी किती गरम होतं, हे तिथे लिहिलेलं असतं. मालकाला आठवत नाही ते गाडीला आठवतं.

पण स्कॅनर न्यायाधीश नाही, साक्षीदार आहे. एक फसवी जागा सांगतो. सिलिंडर पेटला नाही की आतला न वापरलेला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, हवा जास्त आहे, पेट्रोल कमी पडतंय. स्कॅनरवर "लीन" येतं. घाईतला मिस्त्री ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळा होतो. तो बिचारा खरंच सांगत होता, की ऑक्सिजन आला; का आला, ते त्याला कसं कळणार?

फ्युएल ट्रिम मात्र जरूर बघा. पेट्रोल किती टक्के वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, तो हा आकडा. उभ्या गाडीत +२० आणि रेस वाढवल्यावर कमी होत जातो, तर इंजिनला हवा पुरवणाऱ्या इनटेककडे कुठेतरी हवा खेचली जातेय, फाटकी व्हॅक्यूम नळी किंवा गॅस्केट शोधा. उभी असताना ठीक आणि लोडवर वाढत जातो, तर पंप, फिल्टर, पेट्रोलचा दाब बघा.

एक-सिलिंडरचा कोड आला की सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे अदलाबदल. दोन नंबरची कॉइल तीनवर लावा, कोड पुसा, गाडी त्याच परिस्थितीत पळवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. दोनवरच राहिला तर कॉइल सुटली, मग प्लगची अदलाबदल. एका वेळी एकच वस्तू हलवा. दोन हलवल्या की गाडी बरी होते, पण कशाने झाली ते कळत नाही.

अशीच एक गाडी सविस्तर सांगतो. छोटी पेट्रोल पिकअप, इंजिन सीटखाली. मालक परतवाड्यातून भाजीपाला चिखलदऱ्याला नेतो. गाडी बाहेरगावाहून जुनी घेतलेली. गावात अगदी गुळगुळीत, रिकामी घाट चढते, पण भरून घाटाला लागली की तिसऱ्या गिअरमध्ये झटके. चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे एक-दोघांनी "वर हवा पातळ होते" असं सांगून बोळवण केली होती. अहो, झटके पायथ्याशीच सुरू होत होते! प्लग, कॉइल आणि पेट्रोल पंप आधीच बदललेले.

कोड पी०३०२. फ्रीझ फ्रेममध्ये लोड जास्त, आरपीएम मध्यम, इंजिन गरम. कॉइल हलवली, प्लग हलवला, कोड दोनवरच. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं. म्हणजे राहिलं पेट्रोल, आणि तेही फक्त दोन नंबरचं. दोन नंबरच्या सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या वायरिंगच्या प्लगमध्ये तपासणीचा छोटा दिवा लावला. न्यूट्रलमध्ये कितीही रेस दिली तरी तो व्यवस्थित लुकलुकत होता. मग सीट उचललेलीच ठेवली, चाकांना दगड लावले, समोरून सगळ्यांना बाजूला केलं. पोराला सांगितलं, हँडब्रेक ओढ, पायाचा ब्रेक दाब, पहिला गिअर टाक आणि क्लच थोडासाच सोड, लगेच दाब. लोड आला तसं इंजिन माउंटिंगवर, म्हणजे ज्या रबरी टेकूवर ते बसतं त्यावर, एका बाजूला कललं आणि दिवा विझला. क्लच दाबला, इंजिन जागेवर आलं, दिवा पुन्हा लागला.

इंजिन कलताना वायरिंगचा एक गठ्ठा ताणला जात होता. टेप सोलली. आधीच्या मालकाने सीएनजी किट बसवलं होतं आणि विकताना काढून घेतलं होतं. किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापतात, कारण गॅसवर चालताना पेट्रोल बंद ठेवावं लागतं. काढणाऱ्याने त्या वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. चारपैकी दोन नंबरचा पीळ हिरवा पडला होता आणि फक्त ताण आल्यावर सुटत होता. भरलेली गाडी, चढ, तिसरा गिअर, ही सगळी इंजिन कलायची परिस्थिती. चारही जोड सोल्डर केले, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली, गठ्ठ्याला थोडी ढील दिली. माउंटिंगचं रबरही गेलं होतं, ते बदललं. पार्ट म्हणून तेवढंच.

सीएनजीचा विषय निघाला तर आणखी एक. आपल्या भागात गॅसचे पंप उशिरा आले, पण पुण्या-मुंबईकडून आलेली जुनी गाडी वर्षानुवर्षं गॅसवर चाललेली असू शकते. गॅसवर व्हॉल्व्हच्या सीटची, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून सिलिंडर बंद करतो त्या जागेची, झीज जास्त होते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधला, गॅप कमी होतो. पोरांनो, हे उलटं वाटतं म्हणून लिहून घ्या: झीज होते आणि गॅप वाढत नाही, कमी होतो. इंजिन गरम झालं की उरलासुरला गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं. थंड असताना छान, गरम झाल्यावर उभ्या गाडीत डुगडुग. वेळेत फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून गॅप सेट केला तर निभावतं. तशीच चालवत राहिलात तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावं लागतं. गॅसला ठिणगीही जास्त व्होल्टेजची लागते. त्यामुळे पेट्रोलवर खपून जाणारा थकलेला प्लग गॅसवर लगेच उघडा पडतो.

पेट्रोलमधल्या पाण्याबद्दल थोडक्यात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, आणि पंप ओढतो तो तळातूनच. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी झटके देऊ लागली तर टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. दोन थर दिसले तर बाकी तपासणी नंतर. बिडी लांब ठेवा, एवढं सांगावं लागू नये, पण सांगतो.

आणि उंदीर! सोयाबीन नाहीतर सरकीच्या पोत्यांशेजारी गाडी उभी करता, सीटखाली ऊब असते. वायरिंगचं कव्हर कुरतडलेलं, शेजारी लेंड्या, हे दृश्य दर हिवाळ्यात दिसतं. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा एकेक भाग हाताने हलवत जा, फॅन आणि बेल्टपासून बोटं सांभाळून. आवाज बदलला तिथे थांबा.

मागून प्रश्न आला, "डिझेल पिकअपचं काय?" तिथे ठिणगीच नाही. तिथे आधी फिल्टरमधलं पाणी, लाइनमध्ये शिरणारी हवा आणि इंजेक्टरचं रिटर्न, म्हणजे त्यातून परत येणारं डिझेल, बघायचं. तो वेगळ्या दिवसाचा विषय आहे.

दुसरा प्रश्न, जुनी गाडी घेताना ही खोड आधी कशी ओळखायची? सकाळी न सांगता जा. सीट किंवा बोनेट उचलून इंजिनला हात लावा. गरम असेल तर कुणीतरी तुमच्या आधीच ती चालवून तयार ठेवली आहे, परत जा. स्कॅनर लावल्यावर एकही कोड नाही, पण गाडीचा कॉम्प्युटर स्वतः करतो त्या तपासण्या (मॉनिटर) अपूर्ण दिसतात, याचा अर्थ बहुधा नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. आणि रिकामी गाडी गावात फिरवून घेऊ नका, वजन टाकून चढ चढवा.

तिसरा प्रश्न, डॅशबोर्डवरची इंजिनची चेक लाइट नुसती लागली आणि लुकलुकू लागली, यात फरक काय? लुकलुकणारी म्हणजे मिसिंग इतकी, की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. ॲक्सिलरेटर सोडा, लोड कमी करा, तरी थांबली नाही तर गाडी बाजूला घ्या. वाळल्या गवतावर किंवा कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात मात्र उभी करू नका, खालचा कन्व्हर्टर आग लावण्याइतका तापलेला असू शकतो.

शेवटी पुढच्या रांगेतला प्रश्न घेतो: चालू इंजिनमध्ये प्लगची वायर उपटून कोणता सिलिंडर बंद आहे ते बघायचं का? जुने मिस्त्री तसं करायचे. आता करू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात, तुम्हाला झटका बसेल आणि कॉइल किंवा कॉम्प्युटर जाऊ शकतो. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा प्लग काढा. ज्याचा काढल्यावर इंजिनच्या आवाजात काही फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. काढताना आधी लॉक दाबा, वायर धरून ओढू नका. जुन्या गाडीत ते प्लास्टिक उष्णतेने कडक झालेलं असतं, जोर लावला की लॉक तुटतं आणि एक नवीन मिसिंग तुम्हीच तयार करता.