समासातली लाल शाई

अमेरिकेतल्या महाविद्यालयांत लेखन कसे शिकवले गेले, त्याची ही गोष्ट पडद्यावरच्या एका कागदापासून सुरू होते. हा कागद एकपानी आहे. त्याला उभी घडी घातलेली असून बाहेरच्या बाजूस विद्यार्थ्याचे नाव आहे. घडी उघडली की समासभर लाल शाईच्या खुणा दिसतात. एके ठिकाणी शुद्धलेखन चुकले आहे, तर दुसरीकडे वाक्य सैल पडले आहे. हार्वर्ड विद्यापीठात 1880च्या दशकात तिथले प्राध्यापक बॅरेट वेंडेल यांनी विद्यार्थ्यांकडून असा कागद रोज लिहून घेण्याचा परिपाठ पाडला. 1874 साली तेथे प्रवेशासाठी इंग्रजी लेखनाची परीक्षा सुरू झाली होती. नावाजलेल्या शाळांतली मुलेही तिच्यात गडगडू लागली, तेव्हा दुसऱ्या वर्षाचा सक्तीचा लेखनवर्ग 1885 साली पहिल्या वर्षात आणण्यात आला आणि इतर महाविद्यालयांनी तोच कित्ता गिरवला. लेखन हा उणीव भरून काढण्याचा वर्ग ठरला तो असा.

आता आपण ॲन आर्बरला आलो आहोत. मिशिगन विद्यापीठात 1889 साली रुजू झालेल्या फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी 1903 साली येथे रेटरिकचा स्वतंत्र विभाग उभा केला. रेटरिकला मराठीत वक्तृत्व म्हटले की डोळ्यांपुढे व्यासपीठ आणि फिरती ढाल येते. स्कॉट यांच्या लेखी मात्र तो माणसाने माणसापर्यंत पोहोचण्याचा अभ्यास होता, आणि म्हणून वृत्तपत्रीय लेखनापासून समीक्षेपर्यंत सारे त्यात बसत असे. त्यांची विद्यार्थिनी गर्ट्रूड बक यांनी 1898 साली येथेच डॉक्टरेट मिळवली. रूपक हा वाक्यावर मागाहून चढवलेला दागिना नव्हे. दोन गोष्टी मनात अजून वेगळ्या झालेल्या नसतात, त्या क्षणी ते जन्मते, अशी बक यांची मांडणी होती. लाल शाईच्या हिशेबात हा विचार कुठे बसणार?

स्कॉट निवृत्त झाले आणि 1930 साली हा विभाग इंग्रजी विभागात विलीन करण्यात आला.

सक्तीचा वर्ग तेवढा टिकला. तो शिकवणाऱ्यांनी 1949 साली आपली परिषद स्थापन केली, तरी लेखन आणि रेटरिक हाच मुख्य विषय घेऊन पदवी देणारे अभ्यासक्रम अमेरिकेत खऱ्या अर्थाने वाढले ते 2000 नंतर. त्यांत संपादन, तांत्रिक लेखन, जाहीर युक्तिवाद आणि या शास्त्राचा इतिहास शिकवला जातो.

या शेवटच्या दृश्यातल्या कागदालाही समास आहे. त्यात शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने पेन्सिलीने लिहिले आहे: हे तू कोणाला सांगतो आहेस?