डिनर रोल कडक का होतात? मैदा भुरभुरवणं थांबवा!

हां, तर आज यीस्टचे डिनर रोल. ओव्हनमधून काढले तेव्हा मस्त मऊ होते आणि दोन तासांत विटा झाल्या, ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते, आणि मग सगळे बिचाऱ्या यीस्टला शिव्या घालतात. खरी भानगड बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, मळतानाच झालेली असते.

आधी प्रमाण सांगते. मैदा 500 ग्रॅम, कोमट दूध 330 मिली, साखर 50 ग्रॅम, मऊ बटर 60 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 7 ग्रॅम. प्लीज वजन करून घ्या, कपाने मैदा दाबून भरला की तिथेच जास्त होतो. दूध कोमट म्हणजे बोट घातलं तर जेमतेम गरम लागेल इतकंच, 60 डिग्रीच्या आसपास यीस्ट मरतं, मग कितीही वाट बघा काही फुगणार नाही. यीस्ट जुनं असेल तर चमचाभर घेऊन कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर टाकून बघा, दहा मिनिटांत फेस आला पाहिजे.

आता बटर सोडून सगळं कालवा आणि १५ मिनिटं झाकून ठेवून द्या. काही करायचं नाही, खरंच. मैदा तेवढ्यात दूध पितो आणि ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांची लवचिक जाळी, आपोआप जुळायला लागतं, तुमची निम्मी मेहनत वाचते.

मग मळायला घ्या आणि इथे नीट बघा हां... बघा, बोटांना चिकटतंय, ओट्याला चिकटतंय, सगळा राडा दिसतोय. याच क्षणी हात मैद्याच्या डब्याकडे जातो. नाही! डबा लांब ठेवा. तुम्ही मूठ-मूठ करत मैदा टाकलात की डो, म्हणजे मळलेला गोळा, हाताला छान वाटेल पण रोल कोरडे होणार म्हणजे होणारच. त्यापेक्षा स्क्रॅपरने गोळा करा, उचला, ओट्यावर आपटा, स्वतःवरच दुमडा, परत तेच. पाचेक मिनिटांत तो ओटा सोडायला लागतो. मग बटर थोडं थोडं घाला, आधी का नाही, तर फॅटचं आवरण बसलं की ग्लुटेन जुळायला वेळ लागतो. बटर घातल्यावर परत सगळं फाटल्यासारखं, बुळबुळीत होईल, घाबरू नका, मळत राहा. झालं का ते कसं कळणार? छोटा तुकडा घेऊन हळूहळू ताणा, न फाटता इतका पातळ पडदा झाला पाहिजे की पलीकडची बोटं दिसतील.

झाकून ठेवा, दुप्पट होऊ द्या. साधारण तास-दीड तास, पण घड्याळ बघू नका, डो बघा, थंडीत जास्तच लागतो.

मग 60 ग्रॅमचे 16 गोळे, 9 इंची चौकोनी टिनमध्ये, मध्ये थोडी जागा सोडून. वळताना ओट्यावर मैदा अजिबात नको, थोडं चिकटलं तरच गोळ्याचा वरचा भाग ताणला जातो. दुसऱ्यांदा फुगायला पाऊण तास धरा. बोटाने हलकं दाबलं आणि खड्डा हळूहळू, अर्धवटच भरला तर तयार, झटकन वर आला तर अजून थांबा. बहुतेक जण इथेच घाई करतात.

ओव्हन आधीच 180 डिग्रीला गरम, 20 ते 25 मिनिटं. थर्मामीटर असेल तर आत 90 डिग्री आले की काढा. बाहेर काढल्या काढल्या बटर लावा आणि वर कापड टाका, आतली वाफ वरचा पापुद्रा मऊ करते.

उरले तर फ्रिजमध्ये नको हां, तिथल्या तापमानाला स्टार्च उलट लवकर कडक होतो. एक-दोन दिवस डब्यात बाहेर ठेवा, त्याहून जास्त ठेवायचे असतील तर गार झाल्यावर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे काढून गरम करा.