हात लावण्याआधी

(दृश्य: चार वर्षांचं मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसलं आहे.)

असा फोटो घरात सगळ्यांना आवडतो. पण जरा कुत्र्याकडे बघा. तोंड घट्ट मिटलेलं, मान पलीकडे वळलेली, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, मधूनच जीभ नाकावरून फिरतेय. त्याला ही मिठी नको आहे. लहान मुलांना कुत्रा चावतो तेव्हा तो बहुतेकदा ओळखीचाच असतो. जखमही पुष्कळदा चेहऱ्यावर किंवा मानेवर होते, कारण मुलाचं तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं.

'प्राण्यांवर प्रेम कर' एवढं सांगून भागत नाही. मूल प्रेम करतं ते दोन्ही हातांनी आवळून. म्हणून त्याला आधी बघायला शिकवायचं.

(दृश्य: दोन कुत्रे, दोन्हींच्या शेपट्या हलताहेत.)

शेपटी हलते म्हणजे खुशीत आहे, हे अर्धंच खरं. अंग सैल आणि शेपटीबरोबर कंबरही डुलत असेल, तर खुशी. अंग ताठ आणि उभी शेपटी झपझप हलत असेल, तर लांब राहायचं. मांजरानं शेपटी आपटायला सुरुवात केली की खेळ संपला. मांजर दुखत असतानाही घुरघुरतं, तेव्हा नुसत्या आवाजावर जाऊ नका.

हात लावायची रीत अशी. कुत्रा पाळलेला असेल तर आधी मालकाला विचारायचं. मग थोडं अंतर ठेवून, बाजूला वळून उभं राहायचं आणि त्याला आपणहून येऊ द्यायचं. आला तर डोक्यावरून हात न नेता छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद कुरवाळायचं. मग हात मागे. तो जवळ सरकला तर पुन्हा तीन सेकंद. तोंड फिरवलं किंवा निघून गेला तर पुरे. मुलं नेमकी हात मागे घ्यायची पायरी गाळतात, आणि सगळं मर्म तर तिथेच आहे. पहिले काही दिवस तुम्हीच मोठ्यानं मोजा.

कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला रागावू नका. गुरगुरणं हा इशारा आहे. तो दाबून टाकलात, तर पुढच्या वेळी कुत्रा इशारा न देताच चावेल.

(दृश्य: जमिनीवर बसलेली मुलगी, शेजारी ससा.)

ससा उचलायचाच नाही. अचानक वर उचललं की त्याला शिकाऱ्यानं पकडल्यासारखं वाटतं. मग तो मागचे पाय इतक्या जोरानं झाडतो की त्याचाच कणा मोडू शकतो. मुलानं खाली बसायचं, ससा येईल.

सहा-सात वर्षांच्या मुलाला पाण्याच्या भांड्याचं काम द्या: ओता, घासा, भरा. आहे त्यातच वरून पाणी ओतलं, तर तळाला बुळबुळीत थर साचत जातो. माशांचं खाणं मात्र मोठ्यांनी मोजून छोट्या डबीत काढावं आणि मुलानं तेवढंच टाकावं. उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासे मरतात. मुलाला कळतच नाही, आपण तर भरपूर खाऊ घातलं होतं! कुत्र्याला चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुके द्यायचे नाहीत. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, जुलाब होतात.

मूल काम विसरलं, तर 'आता तूच बघ' म्हणून भांडं रिकामं ठेवू नका. धडा मुलाचा आणि उपास प्राण्याचा, हा कुठला न्याय? रोज संध्याकाळी मोठ्यांनी एकदा नजर टाकायचीच.

(दृश्य: झाडाखाली पक्ष्याचं पिल्लू.)

पिसं फुटलेलं पिल्लू खाली टुणटुण उड्या मारत असेल तर बहुधा ते उडायला शिकतंय. मांजर, कुत्रा दूर ठेवा आणि लांबून बघा. पिसं नसलेलं पिल्लू शक्य असल्यास घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. चोचीत पाणी मात्र घालू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं.

आणि चावलं किंवा ओरबाडलं, तर रागावणार नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. ओरडा बसेल या भीतीनं मुलं जखम लपवतात, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, काही लावू नका. जखम किरकोळ दिसली तरी लगेच डॉक्टरांकडे न्या.